'एकच प्याला' आणि वाहनाची किल्ली : मद्यपान करून वाहन चालविण्याच्या धोक्यांचे विवेचन

सारांश

मद्यपान करून वाहन चालविणे धोक्याचे आहे, हे विधान सर्वमान्य आहे. परंतु हा धोका नेमका केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो, याविषयी सुशिक्षित समाजातही बरेच गैरसमज आढळतात. प्रस्तुत लेखात मद्यार्काचे शरीरातील शोषण व ज्वलन, त्याचा वाहनचालनावरील परिणाम आणि भारतीय कायद्यातील तरतुदी यांचे विवेचन नागपूर व महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे केले आहे. धोका झिंग दिसू लागण्यापूर्वीच सुरू होतो आणि झिंग उतरल्यानंतरही काही तास टिकतो. दुसऱ्या बाजूने, रक्तातील पुरावा मात्र तासागणिक नष्ट होत जातो. म्हणून मद्यपी वाहनचालनाचा प्रश्न हा प्रामुख्याने वेळेचा व मोजमापाचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मद्यार्क, रक्तातील प्रमाण, श्वासचाचणी, मोटार वाहन कायदा, रस्ते अपघात, नागपूर.

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांतून दरवर्षी ३१ डिसेंबरच्या सुमारास एक शब्द हमखास वाचावयास मिळतो, तो म्हणजे 'तळीराम'. 'तळीरामांवर पोलिसांची करडी नजर' अशा स्वरूपाचे मथळे आपल्या परिचयाचे आहेत. हा शब्द राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील पात्रावरून रूढ झाला. गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले आणि हे नाटक त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. एका बुद्धिमान वकिलाचा संसार मद्यामुळे कसा धुळीस मिळतो, हा त्या शोकांतिकेचा विषय. शतकभरानंतर त्या शोकांतिकेतील एक नाव आपण विनोदाने वापरतो. मद्यपी वाहनचालकाकडे पाहण्याची आपली दृष्टी किती सैल झाली आहे, हे त्यावरून दिसून येते.

नाटकाचे शीर्षक मात्र आजच्या संदर्भात अधिक विचार करण्याजोगे आहे. 'एकच तर घेतला आहे, गाडी चालविता येईल', हे वाक्य आपण लग्नसमारंभात, निरोप समारंभानंतरच्या मेजवानीत, हिंगणा मार्गावरील किंवा अमरावती मार्गावरील ढाब्यावर अनेकदा ऐकलेले असते. हा युक्तिवाद विज्ञानाच्या व कायद्याच्या कसोटीवर टिकतो काय, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) मद्यार्काच्या शरीरातील प्रवासाचे गणित सोप्या रीतीने मांडणे.
२) वाहनचालनाशी संबंधित क्षमतांवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३) कायद्यातील तरतुदी व त्यांच्या अंमलबजावणीतील उणिवा निदर्शनास आणून देणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसे मृत्युमुखी पडतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. देशातील एकूण मृतांपैकी सुमारे ४४ टक्के हे दुचाकीवरील होते. ज्या शहरात विद्यार्थी व प्राध्यापक दोघेही प्रामुख्याने दुचाकीवर अवलंबून आहेत, त्या नागपूरला या शेवटच्या आकड्याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

याच अहवालात मद्य किंवा अमली पदार्थांच्या सेवनामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास दाखविले आहे, तर सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदविले आहेत. हा आकडा वाचून प्रश्न किरकोळ आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे एक पद्धतीशास्त्रीय अडचण आहे. वेगाचा अंदाज घटनास्थळ पाहून, साक्षीदारांना विचारून बांधता येतो. मद्यार्काचा अंदाज मात्र वेळेत श्वास किंवा रक्त तपासल्याशिवाय बांधता येत नाही. जे मोजलेच गेले नाही, ते नोंदीत येणार नाही. शिवाय अतिवेग आणि मद्य ही दोन स्वतंत्र कारणे नाहीत. मद्य घेतलेला चालक पुष्कळदा मद्यामुळेच अतिवेगाने जातो. नोंद मात्र एकाच कारणाची होते. त्यामुळे हे अडीच टक्के म्हणजे प्रश्नाचा आकार नसून आपल्या मोजमापाचा आकार होय, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

नागपूरहून निघालेल्या एका बसचे उदाहरण येथे बोलके आहे. ३० जून २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ उलटली, तिने पेट घेतला आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. चालक बचावला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे त्याने सांगितले होते. परंतु परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. पुढे चालकाच्या रक्तात मर्यादेपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्याचे न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधारे प्रसिद्ध झाले. चालकाचा दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा एवढाच की, रक्ताचा नमुना घेतलाच गेला नसता, तर हा अपघात टायरच्या किंवा वेगाच्या खात्यावर नोंदला गेला असता.

मद्यार्काचा शरीरातील प्रवास

मद्यातील इथाइल अल्कोहोल या घटकाला पचनाची आवश्यकता नसते. त्याचा काही अंश जठरातून व बराचसा अंश लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. साधारणतः अर्ध्या ते दीड तासात रक्तातील प्रमाण उच्चांकावर पोहोचते. पोट भरलेले असल्यास शोषण मंदावते व उच्चांक काहीसा खाली येतो. 'सावजीचे जेवण पोटभर झाले म्हणजे चढत नाही' या समजात एवढाच तथ्यांश आहे. मद्यार्क कोठेही नाहीसा होत नाही. तो उशिरा रक्तात येतो, आणि पुष्कळदा नेमका परतीच्या प्रवासात येतो.

रक्तातील मद्यार्काचे प्रमाण काढण्याचे सूत्र स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. मद्यार्क शरीरातील पाण्याच्या भागात पसरतो, हे त्याचे मूळ तत्त्व. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम यांसारख्या मद्यात सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या एका 'लार्ज पेग'मध्ये सुमारे २५.७ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २० ग्रॅम मद्यार्क येतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात तो पूर्णपणे पसरला, तर दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असेल. मोटार वाहन कायद्याने घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते. त्यामुळे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत तेवढ्याच मद्याने हा आकडा ७० च्या पुढे जातो. पाच टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम आणि आठ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या तेवढ्याच बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे 'मी केवळ बिअर घेतली' असे म्हणणारा माणूस दोन लार्ज पेग घेणाऱ्याच्या बरोबरीचा असू शकतो.

हे आकडे स्थूलमानाचे आहेत. शरीरयष्टी, लिंग, वय, अन्न, पिण्याचा वेग यांनुसार त्यांत फरक पडतो. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे. अनेकांच्या बाबतीत 'एकच प्याला' हाच कायद्याची मर्यादा ओलांडण्यास पुरेसा असतो.

आता उलट प्रवास पाहू. यकृतातील विकरे मद्यार्काचे प्रथम अॅसिटाल्डिहाइडमध्ये व नंतर अॅसिटिक आम्लात रूपांतर करतात. या क्रियेचा वेग जवळजवळ स्थिर असतो. ताशी सरासरी १५ मिलिग्रॅम, आणि व्यक्तिपरत्वे १० ते २० मिलिग्रॅम, या गतीने रक्तातील प्रमाण उतरते. कडक कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही यकृताचा हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडेल; परंतु त्यामुळे झोपाळू मद्यपीऐवजी जागा मद्यपी गाडीवर बसेल, एवढेच.

प्रस्तुत लेखकाने हे गणित पदवीच्या वर्गात फळ्यावर मांडले असता एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, मग रात्री पिऊन सकाळी सातला प्रॅक्टिकलला येणाऱ्याचे काय?" प्रश्नावर वर्ग हसला. पण उत्तर काढल्यावर वर्ग शांत झाला. रात्री नऊ ते बारा या वेळात चार लार्ज पेग घेणाऱ्या साठ किलोच्या तरुणाच्या शरीरात एकूण सुमारे २०० मिलिग्रॅम प्रमाण होईल एवढा मद्यार्क जातो. नऊपासून सकाळी सातपर्यंतच्या दहा तासांत त्यातील सुमारे १५० मिलिग्रॅमचा निचरा होतो. उरतात ५०. म्हणजे रात्रभर झोप घेऊन, दात घासून, चहा पिऊन निघालेला हा तरुण कायद्याच्या दृष्टीने अद्यापही मद्यपी चालकच असतो. त्याला स्वतःला मात्र तसे मुळीच वाटत नसते.

वाहनचालनावरील परिणाम

वाहन चालविणे ही एकच क्रिया नसून अनेक क्रियांचे एकाच वेळी चालणारे संयोजन आहे. समोरच्या रस्त्यावर नजर, बाजूच्या वाहनांचे भान, अंतराचा व वेगाचा अंदाज, हातापायांची हालचाल आणि या सर्वांवर देखरेख करणारा विवेक यांचा त्यात समावेश होतो. मद्यार्क मेंदूतील चेतापेशींमधील संदेशवहन मंदावतो. त्याचा पहिला आघात याच संयोजनावर होतो. दर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देण्याची क्षमता घटू लागते. ५० च्या आसपास प्रतिक्रियेचा वेळ लांबतो, समोरून येणाऱ्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास विलंब होतो आणि दृष्टीच्या कडेला घडणाऱ्या हालचाली टिपल्या जात नाहीत. गल्लीतून अचानक रस्त्यावर येणारा सायकलस्वार याच कडेला असतो.

प्रतिक्रियेस अर्धा सेकंद उशीर झाला तर काय होते, हे साध्या भागाकाराने समजते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. अर्ध्या सेकंदाच्या विलंबात ते ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच आठ मीटर अधिक पुढे गेलेले असते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने हेच अंतर १७ मीटर होते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट वेगाचा आघात चौपट असतो.

तथापि सर्वांत घातक परिणाम शारीरिक नसून मानसिक आहे. मद्यार्क ज्या मेंदूची क्षमता कमी करतो, त्याच मेंदूकडून 'मी गाडी चालविण्यास योग्य आहे काय' या प्रश्नाचे उत्तर मागितले जाते. परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार आहे. क्षमता घटते आणि त्याच वेळी आत्मविश्वास वाढतो. नियमित पिणाऱ्यांच्या बाबतीत तर जीभ अडखळत नाही, चाल डळमळत नाही, त्यामुळे सोबत्यांनाही शंका येत नाही. रक्तातील प्रमाण मात्र तेवढेच असते.

हा धोका लोकसंख्येच्या पातळीवर सिद्ध करण्याचे श्रेय रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांच्याकडे जाते. १९५४ मध्ये त्यांनी श्वासातील मद्यार्क मोजणारे उपकरण तयार केले. पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाचा रंग मद्यार्कामुळे बदलतो, या रसायनशास्त्राच्या परिचित तत्त्वावर ते आधारलेले होते. आजची उपकरणे प्रामुख्याने विद्युत-रासायनिक घटाच्या तत्त्वावर चालतात. त्यानंतर १९६२-६३ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहरात त्यांनी अपघातग्रस्त सुमारे सहा हजार चालकांची तुलना त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्या, अपघात न झालेल्या सुमारे साडेसात हजार चालकांशी केली. मद्यार्काचे प्रमाण वाढते तसा अपघाताचा संभव केवळ वाढत नाही, तर झपाट्याने वाढतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. अनेक देशांतील कायदेशीर मर्यादांना अशा अभ्यासांचा आधार आहे. स्वीडनमध्ये ही मर्यादा २० मिलिग्रॅम, तर युरोपातील अनेक देशांत ५० मिलिग्रॅम आहे. या तुलनेत भारताची ३० मिलिग्रॅमची मर्यादा कडक म्हणावी लागेल. प्रश्न मर्यादेचा नसून ती मोजण्याचा आहे.

अपघातानंतरही मद्याचा दुष्परिणाम थांबत नाही. डोक्यास मार लागलेला रुग्ण बरळत असेल, ग्लानीत असेल, तर ती लक्षणे मेंदूतील रक्तस्रावाची की मद्याची, हे ठरविणे डॉक्टरांना कठीण जाते. 'पिऊन पडला आहे, उतरेल' असे समजून घालविलेला वेळ प्राणघातक ठरू शकतो.

कायदा व त्यातील वेळेची फट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ अन्वये श्वासचाचणीत दर १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कलम १८८ अन्वये अशा गुन्ह्यास प्रोत्साहन देणाराही तेवढ्याच शिक्षेस पात्र होतो. म्हणजे मित्र प्यालेला आहे हे माहीत असून आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हाती देणारा केवळ नैतिकदृष्ट्या दोषी नसतो.

मृत्यू घडल्यास दोन वाटा असतात. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे या गुन्ह्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. दुसरी वाट सदोष मनुष्यवधाची. आपल्या कृत्याने मृत्यू घडू शकतो याची 'जाणीव' चालकास होती, हे तेथे सिद्ध करावे लागते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ रोजी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली व सात जण मरण पावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम केली. आरोपीच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे दर १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळल्याचा अहवाल तेथे उपलब्ध होता. याउलट २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्रे येथील अपघातात सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी अभिनेते सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी त्यांना निर्दोष मुक्त केले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीविषयी उपस्थित झालेल्या शंका हा त्या निकालातील एक महत्त्वाचा भाग होता.

केवळ तोंडाला वास येणे, चाल अडखळणे, बाहुल्या विस्फारलेल्या असणे व बोलणे असंबद्ध असणे यांवरून मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच बच्चूभाई हसनअल्ली कार्यानी प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले होते. विम्याच्या दाव्यासंबंधीच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये याच न्यायालयाने चाचणी नसली तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून विमा कंपनी मद्यपान दाखवू शकते, अशी भूमिका घेतली. परंतु फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीस मिळतो, आणि तेथे प्रयोगशाळेच्या अहवालाला पर्याय नाही.

येथेच कायद्यातील एक फट लक्षात येते. कलम २०२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. हे दोन तास 'अटकेपासून' मोजले जातात, 'अपघातापासून' नव्हे. अपघात व अटक यांच्यामध्ये किती वेळ जावा, यावर या तरतुदीत बंधन नाही. ताशी १५ मिलिग्रॅमचा हिशेब केल्यास सहा तासांच्या विलंबाने सुमारे ९० मिलिग्रॅमचा पुरावा नाहीसा होतो. अपघाताच्या वेळी १२० मिलिग्रॅम असलेला चालक तपासणीच्या वेळी नेमका कायदेशीर मर्यादेवर येऊन उभा राहतो. जो पळून जातो, लपून बसतो किंवा ओळखीपाळखीने वेळ काढतो, त्याला शरीरक्रियाच मदत करते.

नागपूर रेल्वे स्थानकाजवळील रामझुला उड्डाणपुलावर २५ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीने दुचाकीस दिलेल्या धडकेत दोन युवकांचा मृत्यू झाला. चालक मद्यधुंद असल्याचा आरोप झाला. प्रारंभी जामीनपात्र स्वरूपाचा गुन्हा नोंदला गेला, नंतर सदोष मनुष्यवधाचे कलम लावण्यात आले आणि पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपविला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलगा चालवीत असलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्याचे प्रकरण घडले. तेथे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. या आरोपांची सत्यासत्यता न्यायालयात ठरेल. तथापि दोन्ही प्रकरणांतील वाद अखेर एकाच बिंदूपाशी येऊन थांबतो, तो म्हणजे रक्ताची ती छोटी कुपी केव्हा भरली गेली आणि ती कोणाच्या हातांतून गेली.

या कुपीविषयीचे नियम नवे नाहीत. मुंबई दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या रक्तचाचणी नियमांनुसार नमुना घेताना त्वचा स्पिरिटने पुसावयाची नाही, कारण स्पिरिट हाही मद्यार्कच आहे. नमुन्यात योग्य रक्षक द्रव्य घालून तो मोहोरबंद करावयाचा असतो. नियम उत्तम आहेत. मध्यरात्री अडीच वाजता त्यांचे पालन होते काय, हा खरा प्रश्न आहे.

बंदी, महामार्ग आणि परतीचा रस्ता

विदर्भाच्या संदर्भात आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदीच्या सामाजिक लाभांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु ज्यास कायदेशीर मार्गाने प्यावयाचे आहे, त्याला जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते आणि मग परतावेही लागते, ही वस्तुस्थिती उरते. तेथे मद्यपानाला प्रवास जोडला जातो. म्हणून अशा हद्दींवरील रात्रीची श्वासचाचणी ही बंदीच्या धोरणाचाच आवश्यक भाग मानली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजार वा त्याहून कमी लोकवस्तीच्या क्षेत्रांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिका व नगरपालिका हद्दींना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट झाले. दुकानाचे अंतर वाढविल्याने मोह काही प्रमाणात कमी होतो. पण परतीच्या वाहनाची व्यवस्था त्यामुळे होत नाही. नागपुरात मेट्रो व 'आपली बस' यांची सेवा मद्यालये बंद होण्याच्या वेळेपर्यंत चालत नाही. परतीचा पर्याय नसलेल्या ठिकाणी, स्वतःच्या दुचाकीने गेलेल्या माणसाचा निर्णय तो घरून निघतानाच झालेला असतो.

उपाययोजना

वरील विवेचनावरून महाविद्यालयांसाठी पुढील उपाय सुचविता येतील.

१) निर्णय पहिल्या प्याल्यापूर्वी घेणे : पिल्यानंतर 'जपून चालव' असे सांगणे निरर्थक आहे, कारण जपण्याची क्षमताच बाधित झालेली असते. ज्याला प्यावयाचे आहे त्याने वाहन नेऊ नये, आणि ज्याच्याकडे वाहन आहे त्याने मुळीच पिऊ नये, एवढाच नियम पुरेसा आहे.

२) प्रबोधनाची भाषा बदलणे : राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून 'दारू वाईट' असा उपदेश करण्याऐवजी वर दिलेले गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. उपदेशाकडे तरुण दुर्लक्ष करतात. स्वतः काढलेल्या उत्तराकडे दुर्लक्ष करणे त्यांना जड जाते.

३) दुसऱ्या दिवशीची सकाळ : स्नेहसंमेलन, निरोप समारंभ व नववर्ष यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या धोक्याची जाणीव वसतिगृहातील विद्यार्थ्यांना व आपल्या सहकाऱ्यांनाही आवर्जून द्यावी.

४) सहलीच्या बसचा चालक : शैक्षणिक सहलीसाठी बस ठरविताना निघण्यापूर्वी व रात्रीच्या मुक्कामानंतर सकाळी चालकाची श्वासचाचणी करण्याची अट करारपत्रात घालावी. श्वासचाचणीचे साधन प्रयोगशाळेतील कित्येक उपकरणांहून स्वस्त आहे.

५) अपघातग्रस्तास मदत : मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. '१०८' व '११२' हे क्रमांक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असावेत. वेळेत आलेला पोलीस केवळ जखमीचा जीव वाचविण्यास मदत करीत नाही, तर पुरावाही वाचवितो.

६) धोरणात्मक मागणी : जीवितहानी झालेल्या प्रत्येक अपघातात चालकाची श्वासचाचणी अनिवार्य व्हावी आणि तपासणीची कालमर्यादा अटकेऐवजी अपघातापासून मोजली जावी. विधी, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे अशी निवेदने तयार करावीत.

निष्कर्ष

मद्यपी वाहनचालनाचा धोका लडखडणाऱ्या माणसापुरता मर्यादित नाही. किंबहुना लडखडणाऱ्याला कोणीतरी अडवितो. अधिक धोकादायक असतो तो सरळ चालणारा, नीट बोलणारा, 'एकच घेतला' म्हणणारा आणि स्वतःविषयी निःशंक असणारा चालक. त्याच्या शरीरातील मद्यार्क ठरलेल्या गतीनेच उतरतो. त्याला घाई करता येत नाही. आणि तीच गती त्याच्याविरुद्धचा पुरावाही पुसून टाकते. म्हणून व्यक्तीने पिण्यापूर्वी आणि यंत्रणेने अपघातानंतर तत्काळ कृती करणे, या दोनच गोष्टी या प्रश्नात उपयोगी पडतात. मधल्या काळात केलेले सारे उपाय उशिराचे असतात.

आपल्यापैकी अनेकांनी हजेरी घेताना एखाद्या क्रमांकाशी थबकण्याचा अनुभव घेतला असेल. तो क्रमांक उच्चारला जातो, वर्गात कोणी उत्तर देत नाही आणि मग सर्वांना आठवते. पटावर त्या नावापुढे आडवी रेघ ओढण्याची वेळ येऊ नये, यासाठी आदल्या रात्री कोणीतरी एक किल्ली मागून घेणे पुरेसे होते. ती मागून घेण्याचे धैर्य विद्यार्थ्यांना आपण शिकवावे, आणि प्रसंगी सहकाऱ्यांच्या मेजवानीत स्वतःही दाखवावे.